दुसरा पासपोर्ट घ्या की, पण आधी सातबारा आणि रिटर्न समोर ठेवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी दुसऱ्या पासपोर्टवर पानभर मजकूर आला होता, पैसे गुंतवा आणि कॅरिबियन बेटांसारख्या छोट्या देशाचं नागरिकत्व घ्या असा, निळाशार समुद्र, पांढरा बंगला आणि वर 'संपत्तीचं संरक्षण, कुटुंबाची सुरक्षितता' वगैरे वगैरे. लेख होता की जाहिरात हेच कळेना, कारण लेखकाचं नाव नाही आणि शेवटी मोबाईल नंबर मात्र ठळक. मी कोल्हापुरात बरीच वर्षं करसल्लागार म्हणून काम करतोय, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, इचलकरंजीचे लूमवाले, थोडे गुळाचे व्यापारी असे आपले लोक. सोमवारी सकाळपासून फोन सुरू, "साहेब, ते कॅरिबियनचं काय आहे हो?" म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण कायद्याचा भाग कापू नका ही विनंती.

पहिली गोष्ट, जी त्या अख्ख्या पानात एकदाही आली नाही. भारतीय माणसाला दोन नागरिकत्वं ठेवताच येत नाहीत. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९, दोन्हीकडे तेच लिहिलंय, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपलं. अर्ज करा न करा, कुणाला सांगा न सांगा, आपोआप संपलं. त्यानंतर इथला पासपोर्ट जमा करायचा असतो, तो कपाटात ठेवून 'दोन्ही वापरू' म्हणणारे आहेत, त्यांना सांगतो की तसा पासपोर्ट वापरणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा 'सेकंड सिटिझनशिप' म्हणून जे विकलं जातं त्यात तुम्ही पहिली देऊन टाकताय. अमेरिकेतला किंवा इंग्लंडातला श्रीमंत माणूस दुसरा पासपोर्ट घेतो तेव्हा त्याचा पहिला त्याच्याकडेच राहतो, हा सगळा धंदा मुळात त्यांच्यासाठी उभा राहिलाय आणि तेच ब्रोशर आपल्याकडे जसंच्या तसं फिरवतात.

मग ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) आहे ना, असं लगेच म्हणतात. आहे, २००५ च्या दुरुस्तीनं आलं आणि उपयोगीही आहे, आयुष्यभर व्हिसा लागत नाही, फ्लॅट घेता येतो, शेअर घेता येतात. पण नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही. मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, आणि आमच्या भागाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर चालते, आधीची असेल तर राहते, पण नवीन एक गुंठा घेता येत नाही, आणि विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. शिवाय ते कार्ड सरकार रद्दही करू शकतं.

आमचे एक क्लायंट आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. फाउंड्री आहे, पंचवीसेक एकर ऊस आहे, थोरला मुलगा धंद्यात, धाकटा जर्मनीत शिकून तिकडेच नोकरीला लागलाय. एका मोठ्या हॉटेलात सेमिनार झाला होता तिथून ते थेट माझ्या ऑफिसात आले, हातात ती जाड चकचकीत फाईल, चेहरा अगदी खुललेला. सेमिनारला जेवण चांगलं होतं म्हणे. टेबलावर छोटे छोटे झेंडे, पाच बेटांचे पाच, आणि मुंबईहून आलेला सूटबूटवाला पोरगा प्रत्येकाला 'सर, तुमचा प्लॅन बी काय?' असं विचारत फिरत होता. अण्णांना मी म्हटलं, बसा, चहा घ्या, आणि मला सांगा शेजारची पाटलांची जमीन घ्यायची तुम्ही किती वर्षं वाट बघताय? ते म्हणाले दिवाळीनंतर व्यवहार होतोय. म्हटलं मग या फाईलवर सही केली तर तो व्यवहार विसरा. थोरल्याला झेडपीला उभं करायचंय ना? तो या अर्जात 'डिपेंडंट' म्हणून बसणार असेल तर तेही विसरा, नागरिक नाही म्हटल्यावर मतदार यादीत नाव राहत नाही आणि यादीत नाव नाही तर उमेदवारी कसली. नातवंडांचं तर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आईबापानं रीतसर नागरिकत्व सोडलं की अज्ञान मुलाचंही जातं, अठरा पूर्ण झाल्यावर एक वर्षाच्या आत मागता येतं अशी सोय कायद्यात आहे, पण ती लक्षात ठेवणार कोण. अण्णा बराच वेळ फाईल उलटीसुलटी करत बसले, मग म्हणाले, "हे त्यानं कायच सांगितलं नाही की." तो कशाला सांगेल, त्याचं कमिशन सहीवर आहे. या धंद्यात एजंटला तिकडच्या बिल्डरकडून किंवा स्कीमकडून पैसे मिळतात हे उघड गुपित आहे, तुमच्याकडून घेतो ती 'कन्सल्टन्सी फी' वेगळीच.

तुमच्या मजकुरात एक आकडा होता, दरवर्षी दोन लाखांवर भारतीय नागरिकत्व सोडतात. आकडा खरा आहे, संसदेत सरकारनंच दिलाय, २०२२ साली २,२५,६२०, २०२३ साली २,१६,२१९, २०२४ साली २,०६,३७८. पण त्याच्या शेजारी 'श्रीमंत देश सोडतायत' हे वाक्य चिकटवलं ते चूक. यात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नोकरीला जाऊन पंधरा-वीस वर्षांनी तिकडचे झालेले इंजिनिअर, नर्स, ट्रकवाले सगळे आले, करोडपती त्यात किती हे तो आकडा सांगतच नाही.

आता टॅक्स. लोकांच्या डोक्यात असं बसलंय की पासपोर्ट बदलला की इन्कम टॅक्स सुटला. अहो टॅक्स पासपोर्ट बघत नाही, मुक्काम बघतो. कॅरिबियनमधल्या सेंट किट्सचा पासपोर्ट घेऊन तुम्ही इथे कोल्हापुरात राजारामपुरीतच राहत असाल आणि वर्षात १८२ दिवस इथे असाल तर तुम्ही इथले रेसिडेंट, जगभरच्या उत्पन्नावर इथेच टॅक्स. उलट भारतीय पासपोर्ट ठेवून खरोखर दुबईत राहायला गेलात, तिकडे धंदा, तिकडे घर, तर तुम्ही एनआरआय. त्यातही २०२० पासून अट कडक झालीय, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढले असतील तर १८२ च्या जागी १२० दिवसांतच रेसिडेंटमध्ये ओढतात. आणि इथे १५ लाखांवर कमावणारा जो भारतीय नागरिक कुठल्याच देशात टॅक्सला बसत नाही त्याला दिवस न मोजताच रेसिडेंट धरतात. या दोन्ही प्रकारात बाहेरचं सगळं उत्पन्न धरत नाहीत हे खरं, पण इथून चालवलेल्या धंद्याचं तिकडचं उत्पन्न येतंच की, आणि आमच्या लोकांचं तिकडचं उत्पन्न बहुतेक तसंच असतं, कंपनी दुबईत, निर्णय शिरोलीत. ती दुसरी अट फक्त भारतीय नागरिकाला आहे, म्हणजे नागरिकत्व सोडलं तर तेवढा एक फायदा होतो, हे मी मान्य करतो. पण त्यासाठी आधी इथे राहणं सोडावं लागतं, आणि ते सोडायला यातलं कुणी तयार नसतं.

लपवायचं म्हटलं तर तेही आता पूर्वीसारखं राहिलं नाही. शंभरच्या वर देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती आपोआप पाठवतात, सीआरएस म्हणतात त्याला, भारत २०१७ पासून त्यात आहे आणि यूएईसुद्धा आहे. काही लोक म्हणतात मी बँकेत नवीन पासपोर्ट दाखवीन म्हणजे माहिती भारताकडे जाणार नाही. हा डाव जुना झाला, श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेनं २०१८ लाच अशा पासपोर्ट-व्हिसा स्कीमची यादी काढून बँकांना सांगितलं की अशा माणसाला जास्तीचे प्रश्न विचारा, बाबा तू खरा राहतोस कुठे, टॅक्स भरतोस कुठे. आणि २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा माहीत नसेल तर हिशोब सांगतो, बाहेरची न दाखवलेली मालमत्ता सापडली तर ३० टक्के टॅक्स आणि टॅक्सच्या तिप्पट दंड, म्हणजे शंभर रुपयांच्या मालमत्तेवर एकशेवीस रुपये देणं, वर जेलची तरतूद वेगळी. संपत्तीचं संरक्षण म्हणून गेला माणूस आणि मुद्दलापेक्षा जास्त देऊन आला.

पैसे पाठवायची गोष्ट घ्या. बाहेर पैसे पाठवायच्या आरबीआयच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, आजच्या भावानं दोन कोटींच्या वरच. घरातले चार जण मिळून दहा लाख डॉलर होतात, पण मग चौघांची नावं त्या मालमत्तेवर पाहिजेत. गुंतवणुकीसाठी पाठवताना वर्षात १० लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ कापून घेतलेला टॅक्स. म्हणजे दोन कोटी पाठवायचे तर ३८ लाख रुपये आधी सरकारकडे जाऊन बसतात, ते टॅक्समध्ये वळते होतात, रिफंड मिळतो, सगळं खरं, पण फाउंड्रीवाल्याचे ३८ लाख वर्षभर अडकले म्हणजे स्क्रॅप कशानं घ्यायचं? आणि बँक या कामासाठी कर्ज देत नाही, द्यायला परवानगीच नाही. मग सेमिनारनंतर कॉफी पिताना हळूच दुसरा रस्ता सांगतात, इथे रोख द्या, तिकडे दिरहममध्ये पोचतील. याला हवाला म्हणतात हो, नाव कितीही गोड ठेवलं तरी. परकीय चलनाचा कायदा आहे फेमा, त्याच्या कलम ३७ए खाली ईडी तिकडच्या मालमत्तेच्या किमतीएवढी तुमची इथली मालमत्ता जप्त करू शकते. दुबईचा फ्लॅट वाचवायला जाऊन राजारामपुरीच्या बंगल्यावर टाच यायची वेळ.

दुबईचा विषय निघालाच तर तुमच्या आणि बाकीच्या सगळ्याच पेपरांचा एक पराक्रम आठवतो. जुलै २०२५ मध्ये बातमी आली, भारतीयांना २३ लाखांत आयुष्यभराचा दुबई गोल्डन व्हिसा! पहिल्या पानावर. व्हॉट्सअ‍ॅपवर तर पूर आला होता. दोन-चार दिवसांत यूएई सरकारनंच खुलासा केला की असं काही नाही, अर्ज फक्त सरकारी मार्गानं घेतो, कुठल्या बाहेरच्या कन्सल्टन्सीला अधिकार दिलेला नाही. तो खुलासा आतल्या पानावर, दोन बोटांएवढा. खरा नियम आहे तो २० लाख दिरहमच्या मालमत्तेचा, म्हणजे साडेचार कोटींच्या पुढे, व्हिसा १० वर्षांचा आणि नंतर रिन्यू करायचा. आणि तो राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही, यूएई ते सहसा कुणाला देत नाही. पण यातच एक चांगली बाजू आहे, तुमचं भारतीय नागरिकत्व शाबूत राहतं, पाटलांची जमीन घेता येते. ज्याचा माल खरंच गल्फला जातो, तिकडे गोडाऊन आहे, महिन्यातून आठवडा तिकडे जातो, त्याला मी स्वतः सांगतो घे म्हणून. हा फरक, राहण्याचा परवाना वेगळा आणि नागरिकत्व वेगळं, एवढा जरी तुमच्या त्या पानात आला असता तरी मी पेन उचललं नसतं.

अजून एक गंमत. संरक्षण कशापासून विचारलं तर दबक्या आवाजात उत्तर येतं, वारसा कर येणार आहे म्हणे. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी त्यावर आठवडाभर टीव्हीवर भांडणं झाली होती, तेव्हापासून ही भीती विकायला सोपी झालीय. वस्तुस्थिती काय, भारतात इस्टेट ड्युटी १९८५ ला गेली, संपत्ती करही २०१५ च्या बजेटमध्ये गेला. आज बापाची शंभर कोटींची मालमत्ता मुलाला मिळाली तरी इथे वारसा म्हणून एक पैसा कर नाही. आणि ही मंडळी जायला बघतात कुठे, इंग्लंडला, जिथे सव्वातीन लाख पाउंडांच्या वर ४० टक्के, आणि बाहेरच्या मालमत्तेवर सवलत देणारी नॉन-डॉमची जुनी सोय तर एप्रिल २०२५ पासून बंद झाली. दोन देशांतले कराचे तह आहेत, खाचाखोचा आहेत, नाही म्हणत नाही, पण ज्या भीतीनं पळताय ती गोष्ट इथे नाही आणि तिथे आहे. अमेरिकेचा असा कर तर घरबसल्या लागतो. मोबाईलच्या अ‍ॅपवरून स्वतःच्या नावावर अमेरिकन शेअर घेणारे आता आमच्याकडे बरेच झालेत, त्यांच्यातल्या किती जणांना माहीत आहे की तिकडचा रहिवासी नसलेला माणूस वारला आणि त्याचे अमेरिकन शेअर ६० हजार डॉलरच्या वर असतील तर अमेरिका त्यावर इस्टेट टॅक्स मागते, वरचा दर ४० टक्के? ६० हजार डॉलर म्हणजे पन्नास-पंचावन्न लाख, काही फार मोठी रक्कम नाही राहिली आता. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व घेतलं तर आणखी पुढे, कुठेही राहा, जगभरचं उत्पन्न अमेरिकेला दाखवायचं. गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या ईबी-५ मध्ये आठ लाख डॉलर घालून हे गळ्यात बांधून घ्यायचं असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावं. मुलगी तिकडे शिकतेय, तिला तिकडेच राहायचंय, नोकरीच्या रांगेत तिचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, अशा घराला ते ठीकच आहे. पण त्याला मालमत्तेचं संरक्षण कशाला म्हणता.

घेतलेला पासपोर्ट तसाच राहील याची तरी गॅरंटी आहे का? व्हानुआतू नावाचा पॅसिफिकमधला देश आहे, महिना-दोन महिन्यांत पासपोर्ट देतात म्हणून प्रसिद्ध, त्यावर युरोपला व्हिसाशिवाय जाता यायचं हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. युरोपनं २०२२ पासून ती सवलत थांबवायला सुरुवात केली आणि २०२४ अखेर कायमची काढून टाकली. इंग्लंडनं जुलै २०२३ मध्ये कॅरिबियनमधल्या डॉमिनिका आणि व्हानुआतूवाल्यांना व्हिसा लावला, कारणच असं दिलं की तुम्ही पासपोर्ट नको त्यांना विकताय. सायप्रसनं २०२० मध्ये भानगडी बाहेर आल्यावर दुकान बंद केलं. माल्टाची स्कीम सगळ्यात महाग आणि प्रतिष्ठेची समजली जायची, तिला एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन कोर्टानं बेकायदा ठरवलं, नागरिकत्व हा व्यापाराचा माल नाही अशा अर्थाचा निकाल. गोल्डन व्हिसाचंही, म्हणजे पैसे गुंतवून मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्याचंही तेच, इंग्लंडचा २०२२ ला बंद, आयर्लंडचा २०२३ ला, स्पेनचा एप्रिल २०२५ ला, पोर्तुगालनं २०२३ मध्ये घरखरेदीचा रस्ता बंद केला, ग्रीसनं घराची किमान किंमत अडीच लाख युरोवरून कुठे चार तर कुठे आठ लाख केली. कॅरिबियनवाल्यांनी २०२४ मध्ये ठरवलं की दोन लाख डॉलरच्या खाली नागरिकत्व द्यायचं नाही. म्हणजे नियम तुमच्या हातात नाहीत, त्या बेटांच्याही पूर्ण हातात नाहीत, ते ब्रुसेल्स, लंडन आणि वॉशिंग्टनच्या मर्जीवर आहेत, आणि पैसे मात्र तुमचे आधीच गेलेले. कॅरिबियनमधल्याच ग्रेनाडाचा पासपोर्ट घ्या, त्यावर अमेरिकेचा ई-२ व्हिसा, म्हणजे तिकडे धंदा टाकून राहायचा व्हिसा मिळतो असं अजूनही सांगतात. २०२२ अखेरच्या अमेरिकन कायद्यानं पैसे देऊन नागरिक झालेल्याला आधी तीन वर्षं त्या देशात राहण्याची अट घातलीय. तीन वर्षं ग्रेनाडात? अण्णांना विचारलं, ते म्हणाले तिथे ऊस होतो का.

आणि जे खरोखर लपायला गेले त्यांचं काय झालं ते तुमच्याच पेपरात आलंय. हिरे व्यापारी मेहुल चोक्सीनं नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅरिबियनमधल्याच अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं, जानेवारी २०१८ मध्ये देश सोडला, मग पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईच्या शाखेतला १३ हजार कोटींवरचा घोटाळा बाहेर आला. इथली कितीतरी मालमत्ता ईडीनं जप्त केली, तो स्वतः २०२१ मध्ये डॉमिनिकात सापडला आणि एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली. आयपीएलचे माजी प्रमुख ललित मोदींनी व्हानुआतूचं नागरिकत्व घेतलं, लंडनच्या उच्चायुक्तालयात भारतीय पासपोर्ट जमा करायचा अर्ज दिला, ही बातमी मार्च २०२५ मध्ये आली आणि दोन-तीन दिवसांत व्हानुआतूच्या पंतप्रधानांनी तो पासपोर्ट रद्द करायला सांगितला, प्रत्यार्पण टाळणं हे नागरिकत्व मागायचं योग्य कारण नाही म्हणून. म्हणजे इकडचं सोडायला निघालेला आणि तिकडचं हातातून निसटलेलं. ही उदाहरणं देऊन माझ्या क्लायंटना चोर ठरवायचं नाहीये, उलट सांगायचंय की सरळ माणसानं या रांगेत उभं राहिलं की बँक, व्हिसा ऑफिसर, टॅक्स खातं सगळे त्याच्याकडे त्याच नजरेनं बघतात. त्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो.

गोव्याचं उदाहरण मात्र वेगळं आहे आणि ते तुमच्या पानात यायला हवं होतं, दुसरा पासपोर्ट म्हटलं की आपल्या शेजारी तो विषय पन्नास वर्षं चालू आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्यात कोणी बंगले घेतले नाहीत की मिलियन डॉलर भरले नाहीत. तेव्हा पोर्तुगाल आणि इंग्लंड दोन्ही युरोपियन युनियनमध्ये, म्हणून त्या पासपोर्टवर सासष्टी-बारदेशची पोरं इंग्लंडला गेली, स्विंडनला गोवेकरांची मोठी वस्ती झालीय, गोडाऊनमध्ये आणि कारखान्यात काम करून घरी पैसे पाठवले. ब्रेक्झिटनं तोही रस्ता अवघड केला, तिकडे आधीपासून राहणाऱ्यांनी अर्ज करायची जून २०२१ ची मुदत गेल्यावर आता पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी नव्यानं जाणाऱ्याला इंग्लंडात राहायला-कामाला व्हिसा लागतो. आणि कायदा त्यांनाही तोच, कलम ९. इथला पासपोर्ट जमा, मतदान गेलं, ओसीआयसाठी कागद गोळा करत फिरा. म्हातारपणी गावी परत आलेले लोक या कागदांपायी किती हेलपाटे मारतात ते मडगावला कुणालाही विचारा. गरजेपोटी गेलेल्या माणसाची ही फरफट, तर हौसेनं जाणाऱ्याला आधी कुणी सांगायला नको का?

हे वाचून कुणी म्हणेल हा माणूस बाहेर जाण्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. आपला पासपोर्ट घेऊन जर्मनीच्या प्रदर्शनाला जायचं म्हणजे काय ताप असतो ते मी बघतो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, रिटर्न, हॉटेल बुकिंग, बोटांचे ठसे, आणि तरी कधी कधी प्रदर्शन उघडल्यावर व्हिसा हातात. ऑर्डर हातची जाते आणि समोरचा चिनी सप्लायर घेऊन जातो. त्यापोटी एखाद्यानं तिकडचा राहण्याचा परवाना काढला, मुलाबरोबर कायमचं राहायला गेला, तिकडचाच झाला, तर त्याला दोष देणारा मी कोण. फक्त त्यानं आधी तीन-चार गोष्टी कागदावर मांडाव्यात, शेती कुणाच्या नावावर ठेवायची, फाउंड्रीच्या कर्जाला दिलेल्या पर्सनल गॅरंटीचं काय, मृत्युपत्र इथलं आणि तिथलं दोन्ही एकमेकांना छेद तर देत नाहीत ना, आणि पुढे इथली मालमत्ता विकली तर पैसे न्यायचे कसे, कारण बाहेर राहणाऱ्याच्या इथल्या एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर परवानगीशिवाय जात नाहीत. आमच्याकडे अजून साधं मृत्युपत्र केलेलं नसतं, डिमॅटला नॉमिनी नसतो, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असतं आणि निघाले कॅरिबियनला. अण्णांनी शेवटी काय केलं तर जमिनीचं वाटणीपत्र करायला घेतलं आणि धाकट्याला सांगितलं तू जर्मनीचं नागरिकत्व घ्यायच्या आधी मला विचार, नको म्हणणार नाही पण फेरफाराची नोंद आधी करून घेऊ.

संपादक साहेब, तुमच्याकडून एवढंच, असा मजकूर परत येणार असेल तर पैसे घेऊन छापलेल्या पानावर 'जाहिरात' हा शब्द मोठ्या टायपात टाका आणि त्याच अंकात एखाद्या फेमा जाणणाऱ्या वकिलाचे चार परिच्छेद छापा.

आणि ज्यांनी वाचेपर्यंत आधीच दुबईत फ्लॅट बुक करून ठेवलाय किंवा तिकडे खातं उघडलंय त्यांच्यासाठी. तुम्ही आयटीआर-१ भरून मोकळे झाला असाल तर ते चुकीचं आहे, बाहेर मालमत्ता असलेल्याला तो फॉर्म चालतच नाही. रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत संपली नसेल तर याच आठवड्यात सीएकडे जा, बाहेरच्या मालमत्तेचा रिटर्नमधला तक्ता म्हणजे शेड्युल एफए, त्यात पत्ता, खाते नंबर, कधी घेतलं, किती भरले सगळं टाका, तिथे आपलं एप्रिल-मार्च चालत नाही, जानेवारी-डिसेंबर धरतात हे त्याला आठवण करून द्या. नुसता अर्धा हप्ता भरलेला फ्लॅट असला तरी दाखवा. २०२४ मध्ये इन्कम टॅक्स खात्यानं ज्यांची बाहेरची माहिती त्यांच्याकडे आली होती अशा लोकांना मेसेज आणि मेल पाठवले होते, तसा मेसेज फ्रॉड समजून डिलीट केला असेल तर पोर्टलवर जाऊन बघा. पैसे पाठवताना बँकेत भरलेला ए-२ फॉर्म आणि टीसीएसचं सर्टिफिकेट आत्ताच मागून घ्या, तीन वर्षांनी मागायला गेलं की मॅनेजर बदललेला असतो आणि नवीन मॅनेजर म्हणतो ते रेकॉर्ड मुंबईला गेलं.

आपला,
एक करसल्लागार वाचक,
कोल्हापूर